ओढचेहरा

"नाचाची पार्टी ना? मागच्या दारानं जा," गेटवरचा स्वयंसेवक म्हणाला.

"पार्टी असतो तर ढोल आणला नसता का?" फ्लोरिनाच्या आईनं विचारलं.

कर्नाटकातल्या हळियाळच्या जंगलातली ही सिद्दी माणसं. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, म्हणजे काळेभोर, कुरळ्या केसांचे. कार्यक्रमाला बोलवायचं ते नाचायलाच, असं सगळ्यांनी धरलेलं. आज मात्र सतरा वर्षांची फ्लोरिना यंदाची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री होती. तिचं पोस्टर स्वयंसेवकाच्या डोक्यामागेच होतं, पण त्यावर नुसतं नाव. हल्ली पोस्टरवर चेहरे छापतच नाहीत. कोणाचा छापणार?

डॉ. शर्वरी रेगे धावत आल्या आणि दोघींना आत घेऊन गेल्या. ही सगळी करामत त्यांचीच.

करामत अशी, की गेली अकरा वर्षं सिनेमात नटाचा चेहरा दिसत नाही. आवाज त्याचा, रडणं त्याचं, ओठांची थरथरसुद्धा त्याचीच. चेहरा मात्र बघणाऱ्याच्या आवडीचा. प्रत्येक खुर्चीसमोर एक काच असते. ती पापणी लवायच्या आत शेकडो चेहरे चमकवते आणि तुमची नजर कुठे रेंगाळली, कुठून निसटली हे टिपते. मग तुमच्या डोळ्यांना सर्वांत जास्त ओढणारा चेहरा घडवून नटावर चढवते. त्याला म्हणतात ओढचेहरा. बक्षिसं एकाच रंगाच्या लोकांना मिळतात म्हणून पूर्वी दरवर्षी भांडणं व्हायची. परीक्षकांनाही ओढचेहराच दाखवायला लागल्यापासून ती मिटली.

फ्लोरिनानं स्वतःचा सिनेमा अजून बघितला नव्हता. वाडीच्या आसपास असलं थिएटर नाही. भाषणात तर तिनं लिहिलं होतं, 'आमच्या मुलींना पडद्यावर अखेर आपल्यासारखी कोणीतरी दिसली.' ते बोलण्याआधी तिला खात्री करायची होती. म्हणून डॉक्टरांनी परीक्षकांची खोली उघडून दिली.

"मॅडम, मला कोण दिसेल?"

"तुझ्या डोळ्यांना हवं ते."

"मग मीच. मी दिवसातून वीस वेळा आरशात बघते."

"वीस?" आई म्हणाली. "आंघोळीला हाका मारून घसा बसतो माझा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "या खुर्चीवर शेवटचे एक परीक्षक बसले होते. दोन-तीन सेकंद त्यांचाच ओढचेहरा दिसेल, मग तुझे डोळे वाचून काच बदलेल. डोळे मिटू नकोस. मिटलेस तर आधीचाच चेहरा राहतो."

मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. काच फक्त समोरच्यालाच दिसते, शेजारच्याला अंधार.

सिनेमा सुरू झाला. पुराच्या पाण्यात एक मुलगी नाव वल्हवत होती. गोरी, चाफेकळी नाकाची, सरळ केसांची. हा परीक्षकांचा चेहरा. फ्लोरिना वाट बघत राहिली.

चेहरा बदलला. आणखी जरा गोरा झाला.

ती गोरी मुलगी फ्लोरिनाच्या आवाजात भावाला हाक मारत होती.

"मॅडम, काच बिघडलीय."

डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

शेजारी आई पदरानं डोळे पुसत होती. "कपाळावरची खूणसुद्धा दिसतेय गं. चुलीवर पडली होतीस ना, ती. केसांना तेवढं तेल लावलं असतंस तर."

फ्लोरिना उठली. "आई, जागा दे मला."

आई उठली, ती बसली. आणि काचेत ती होती. कुरळे केस कपाळाला चिकटलेले, नाक रुंद, ओठ जाड, ती खूण. किती छान दिसतो आपण, असं ती मनात म्हणतेय तोच खूण पुसट झाली. गालांवरचा रंग उतरायला लागला.

फ्लोरिनानं डोळे गच्च मिटले.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. माइकवर तिचं नाव पुकारलं गेलं.

"फ्लोरी, ऊठ, बोलावतायत."

"थांब ना आई. मॅडम, मी आहे का अजून काचेत?"

डॉक्टर खुर्चीमागे येऊन तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"आहेस," त्या हळूच म्हणाल्या. "डोळे उघडेपर्यंत."