जोनासची गाठ

शेगडीत एक ओंडका सारा रे कोणीतरी. दिवा राहू दे तसाच.

उद्या तुम्ही पहिल्यांदा गिऱ्हाईक घेऊन डोंगर चढणार, म्हणून सांगतो. माझ्या ओळखीचा एक वाटाड्या होता. वॉरन म्हणू या त्याला. गोष्ट इथलीच, अलास्कातल्या याच डोंगरांतली. अकरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरची चौदा तारीख.

वॉरनला डोंगर शिकवला तो म्हाताऱ्या जोनासने. जोनासच्या डाव्या हाताची तीन बोटं थंडीने गेलेली. गाठ तो दातांनी आवळायचा. दहा पावलं टाकायची, मग दम घ्यायचा, अशी त्याची चाल. शिकारीचं मांस आधी खाली उतरवायचं, शिंगं शेवटच्या खेपेला, असा त्याचा नियम. "शिंगं आधी आणलीस की पुन्हा वर जाणार नाहीस," म्हणायचा. त्या सप्टेंबरच्या आदल्या हिवाळ्यात तो वारला. पुरताना वॉरनने त्याच्या बायकोला, एटा मावशीला, शब्द दिला होता : दर वर्षीच्या पहिल्या शिकारीतलं अर्धं मांस तुझ्या दारात.

गिऱ्हाईक होता डॉयल, टेक्सासचा. पाठीवर ओझं घेऊन चार दिवस चालल्यावर त्याने कड्याखाली पांढरा रानमेंढा टिपला. मांस कापून दोन पिशव्यांत भरेपर्यंत बर्फ भुरभुरू लागलं. वॉरनचा गुडघा सुजला होता.

"शिंगं घे की," डॉयल म्हणाला. "मांस कुठे पळून चाललंय?"

वॉरनने शिंगं उचलली. पिशव्या दगडांआड ढकलल्या. त्यांची तोंडंही बांधली नाहीत.

तंबूत डॉयलने विचारलं, "उद्या पुन्हा चढायचं ना?"

"नको. एव्हाना अस्वलाने नेलं असेल."

"पाहिलंस तू?"

"नेहमीचंच आहे."

"मग ज्या म्हातारीला मांस कबूल केलंयस म्हणालास, तिला काय सांगशील?"

"हेच."

डॉयल कूस बदलून झोपला.

रात्री दोनचा सुमार. वर उतारावर एक दगड घसरला.

मग पावलं. जड. ओझ्याखालच्या माणसाची. पट्टे करकरत होते.

दहा पावलं... थांबलं.

दहा पावलं... थांबलं.

"अस्वल?" डॉयल कुजबुजला.

वॉरन पावलं मोजत होता. दहा पावलं...

तंबूच्या दाराशी ओझं टेकलं. धाप ऐकू आली. बराच वेळ... मग तीही नाही.

वॉरनला हाक मारायची होती. तोंड उघडेना. भीतीने नाही रे. लाजेने. तो दाराकडे पाठ करून पडून राहिला.

सकाळी दाराशी दोन्ही पिशव्या होत्या. तोंडं एकाच दोरीने आवळलेली. गाठीवर दातांचे ठसे.

तिसऱ्या दिवशी त्याने त्या तशाच एटा मावशीच्या दारात नेऊन ठेवल्या. तिने गाठीवरून बोट फिरवलं.

"म्हाताऱ्याला आणावं लागलं?"

वॉरनने पिशव्या उंबऱ्याच्या आत सरकवल्या.

"एवढं ओझं त्याच्या पाठीवर, आणि तू तिथेच होतास..."

गाठ तिने सोडली नाही. दोन्ही बाजूंनी दोरी कापली आणि गाठ वॉरनच्या हातात ठेवली. गाठ ओली होती.

ती बघा, शेगडीच्या मागे, खिळ्याला. अकरा हिवाळे तिथेच आहे.

हात लावून बघा... अजून वाळलेली नाही.