घड्याळबाईची वही

"आई, ही पानं फाड!" मुलाने वही टेबलावर इतक्या जोरात आपटली की चहा बशीत सांडला. "नवी वही घे आणि फक्त तिच्या उशिराचं लिही. वकिलांनी तेवढंच सांगितलं होतं ना!"

वकिलांनी काय सांगितलं होतं, ते तिला पक्कं आठवत होतं. तास-दीड तास त्या थंडगार ऑफिसात मुलगा एकामागून एक प्रश्न विचारत बसला होता... बायको कमावती असली तरी पोटगी द्यावी लागते का? किती वर्षं? मुलगी कोणाकडे राहणार? तिला स्वतःला विचारतात का? आणि वकिलांचं ठरलेलं उत्तर, "ते परिस्थितीवर अवलंबून आहे." अवलंबून, अवलंबून! ऐकून तिचं डोकं उठलं होतं. त्यात पोटगीचा प्रश्न आधी आणि पोरीचा, भिंगरीचा, नंतर, हे तिच्या मनाला फारच लागलं होतं. शेवटी वकील तिच्याकडे वळले. "आजी घरी असतात, हीच आपली जमेची बाजू. आजी, सूनबाई दर शनिवारी मुलीला न्यायला येतात ना? त्यांच्या वेळा लिहून ठेवा."

कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं हजेरी लिहिलेल्या बाईला हे काम सांगायचं! कामगार तिला घड्याळबाई म्हणत. एकदा तिचा स्वतःचा नवरा, याच मुलाला शाळेत सोडून धावतपळत आला, तर तिने त्याचाही चार मिनिटं उशीर लिहिला. त्याची अर्धी रजा गेली आणि दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. अशा बाईच्या हातात वही दिली की ती एकाच माणसाची हजेरी कशी लिहील? तिने घरातल्या सगळ्यांचीच लिहिली.

"सून दहा वाजून सात मिनिटांनी आली. दवाखान्यातून थेट, रात्रपाळी करून." "मुलगा भिंगरीला पोहायला नेणार होता. नेलं नाही." "शाळेत पालकांची सभा. मुलगा गैरहजर." आणि एका बुधवारी, "मला दोन दहा ते दोन पस्तीस डुलकी लागली. भिंगरीने स्टुलावर चढून गॅस पेटवला. बोटाला चटका."

"तुझ्या जिवावर माझी केस उभी आहे, आणि तू हे लिहून ठेवतेस?" मुलगा ओरडला. "भिंगरी गेली तर मला दोष देऊ नकोस!"

तिचं काळीज चरकलं. सात वर्षांची ती पोर, सकाळी वेणी घालताना एक क्षण डोकं स्थिर ठेवेल तर शपथ! तिच्याशिवाय हे घर...? पण तिने वही उचलली आणि पिशवीत टाकली. "लिहिलेलं मी खोडत नाही," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत सगळे बसले होते. मुलगा, त्याचे वकील, ती आणि समोर सून, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आठ महिन्यांपूर्वी घर सोडून गेलेली ही पोरगी इतकी वाळली होती, आणि शनिवारी दारात तिला पाहताना आपलं लक्ष फक्त घड्याळाकडे होतं... तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

बाईंनी एक कोरी करकरीत वही पुढे केली. "आजी, ही नोंद तुम्ही ठेवली आहे?"

तिने पान उलटलं. सुनेचे उशीर तेवढे ओळीने उतरवलेले. अक्षर मुलाचं होतं! तिने त्याच्याकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता.

फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! तेवढ्यावर भिंगरी घरात राहिली असती, तिच्या कुशीत, तिच्या डोळ्यांसमोर... अंतःकरण आक्रंदत होतं, पण हात मात्र पिशवीत गेला.

"हे अक्षर माझं नाही. माझी वही ही आहे. आणि बुधवारचं पान आधी वाचा."

बाईंनी वाचलं. वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

"आई!" सुनेचा आवाज फाटला. "बोट भाजल्याचं भिंगरीने मला सांगितलं होतं, पण तुम्ही झोपला होता हे नाही सांगितलं. मला कधी कळलंही नसतं. कशाला लिहिलंत?"

"मला कळलं होतं ना!" ती कडाडली, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ने तिला. तुझी आहे ती. माझा डोळा लागतो आता, आणि याला सवड होत नाही... ने!"

दुपारपर्यंत मसुदा ठरला. भिंगरी आईजवळ राहील, बाप खर्च देईल, रविवारी भेटेल. बाई लिहू लागल्या तशी सून सासूकडे हात करत म्हणाली, "अजून एक. माझी ड्यूटी असेल तेव्हा ती यांच्याजवळ राहील. हवं तर स्टूल मी उचलून नेते!"

"नातं काय लिहू?" बाईंनी विचारलं. "घटस्फोट झाल्यावर त्या तुमच्या सासूबाई राहणार नाहीत."

"मग आई लिहा," सून म्हणाली.

"आई कशाला?" डोळे पुसत ती खेकसली. "हिची आई चांगली धडधाकट आहे, तिला काय वाटेल? भिंगरीची आजी लिहा. ते नातं मोडायला कुठलाच अर्ज नाही तुमच्याकडे!"

मुलाने कागद ओढला आणि वकील काही बोलायच्या आत सही केली. मग त्याने आईच्या गुडघ्यांवर डोकं टेकवलं. "आई, चुकलं गं माझं..."

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, मग खांद्याला धरून त्याला सरळ बसवलं.

"मला काय सांगतोस? तिला सांग."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याने आपली खुर्ची सुनेकडे वळवली.