खिडकीकडचं टोक

जेवणाचं टेबल सहा जणांचं होतं, पण गेली दोन वर्षं त्यावर कुणी जेवलंच नव्हतं. नवरा बस आगारातून आला की ताट घेऊन टीव्हीसमोर बसायचा. ती ओट्याशी उभ्यानंच चार घास पोटात ढकलायची. टेबलावर राज्य होतं पसाऱ्याचं. विजेची बिलं, औषधांच्या अर्ध्या पट्ट्या, चार्जरच्या वायरींचा गुंता, जोडीदार हरवलेले मोजे, पक्कड, दोन छत्र्या, धुवायचा राहून गेलेला मफलर. खिडकीकडच्या टोकाला तर डोंगरच होता. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, बिस्किटांचे रिकामे डबे, लोकरीचे गुंडे. तो सासूबाईंचा. सासूबाई जाऊन सहा महिने झाले, डोंगर तिथंच.

ती इमारतींचे नकाशे काढायची. ऑफिसात तिला मागून 'मोजपट्टी' म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. अशा बाईच्या घरात हे टेबल म्हणजे डोळ्यांतलं कुसळच. पण सासूबाई असताना तिनं डब्याला हात लावला रे लावला, की म्हातारी आतून हाक मारायची, "तेवढं टोक भरलेलं राहू दे गं. जागा रिकामी दिसली की माणूस बसतं."

म्हाताऱ्या माणसांची बडबड. ती सोडून द्यायची.

मग एका गुरुवारी लेकीचा निरोप आला. या नाही, पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी जेवायला येते. तासभर. खाली नाव नाही, 'आई' नाही, काही नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीनं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून जनावरांच्या दवाखान्यात नोकरी धरली होती, आणि याच टेबलाशी उभी राहून ती लेकीला म्हणाली होती, "तू माझी मुलगी आहेस हे सांगायला मला लाज वाटते." शब्द तोंडातून गेला तो गेला. लेक त्याच संध्याकाळी बॅग भरून निघून गेली. नवरा मध्ये पडला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्या शनिवारी तिनं कंबर कसली. सगळा पसारा उचलला, सहा पोती भंगारात दिली, टेबल साबणानं धुतलं, पुसलं, तेलाचा हात दिला. लाकूड इतकं सुरेख होतं हे ती विसरूनच गेली होती. सहाही खुर्च्या आत सरकवून तिनं नवऱ्याला बजावलं, "यापुढे या टेबलावर ताटाशिवाय काही ठेवायचं नाही. किल्लीसुद्धा नाही."

नवरा खिडकीकडच्या मोकळ्या टोकाकडे बघत राहिला. "आईचं सगळं काढलंस?"

"सगळं."

तो ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला. न बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सोमवारी ती कामावरून आली तेव्हा खिडकीकडची खुर्ची बाहेर ओढलेली होती. वीतभर. तिनं ती आत सरकवली. मंगळवारी पुन्हा तेच. नवरा तिच्यानंतर तासाभरानं यायचा, किल्ल्या दोघांकडेच होत्या. बुधवारी तिनं पट्टी घेऊन मोजलं. टेबलाच्या कडेपासून पाठीपर्यंत बेचाळीस सेंटिमीटर. गुरुवारी बेचाळीस. शुक्रवारी बेचाळीस. फरशीला उतार असेल म्हणून तिनं काचेची गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही.

शनिवारी सकाळी टेबल पुसताना तिला तेलाच्या चकाकीवर दोन पुसट पट्टे दिसले. बाष्पाचे. कोपरापासून मनगटापर्यंत, शेजारी शेजारी, कुणी हात टेकून बसावं तसे. तिनं आपला हात वर धरून पाहिला. तंतोतंत जमला. म्हणजे आपलेच, तिनं स्वतःला सांगितलं. आणि ती तिथं कधी बसली होती, ते आठवत बसली. खुर्चीवर हात ठेवला तर बैठक कोमट होती. खिडकीतून ऊन यायला अजून दोन तास होते.

रविवारी तिला त्या टोकावर वर्तमानपत्रांचा नवा गठ्ठा दिसला. वर एक रिकामा डबा, त्यावर पक्कड.

"हे काय?"

"राहू दे," नवरा म्हणाला. "एवढंच टोक. बाकी टेबल आहे की."

"तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही का? पोर दोन वर्षांनी येतेय घरी."

"म्हणूनच म्हणतोय."

"कशाला घाबरता? स्पष्ट सांगा."

तो दाराशी वाकून चपला नीट लावू लागला. "आई तिथं काही ना काही ठेवायची. मी कधी विचारलं नाही."

"तुम्ही कधी कुणाला काही विचारलंत?" तिनं गठ्ठा उचलून दाराबाहेर फेकला. डबा जिन्यावरून खणखणत खालपर्यंत गेला.

पुढचा आठवडा ती माफीची तयारी करत होती. ऑफिसात नकाशावर वाकून, भाजी निवडताना, आरशासमोर. बाळा, मी बोलले ते चुकलं. तुझी लाज नव्हती वाटली, भीती वाटली होती. शेवटचं एक वाक्य होतं, ते मात्र तिनं गाळायचं ठरवलं: तू गेल्यावर तुझी खोली आवरलेली राहिली, आणि मला क्षणभर बरं वाटलं. असलं कुणी लेकीला सांगतं का?

रविवारी लेक आली. केस कापले होते, हातावर मांजराचे ओरखडे. चपला काढून ती सरळ टेबलाशी बसली आणि एकदम हसली. दोन वर्षांनी आईला ते हसू दिसलं. हसू खिडकीच्या बाजूला गेलं होतं, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. पोरीला डोळ्याला डोळा भिडवायला अवघड वाटत असेल.

तिनं वाढलं. नवरा ताटात मान खुपसून जेवत होता. तिनं सुरुवात केली, "बाळा, त्या दिवशी मी..." लेकीनं वर पाहिलं नाही. तिनं आवाज वाढवून पुन्हा सुरुवात केली. लेक मान हलवत होती, पण चुकीच्या जागी. एकदा म्हणाली, "नको, पुरे मला." तिला कुणी काही वाढत नव्हतं. मग लेकीचे डोळे भरले, तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं आणि पाण्याचा पेला खिडकीकडे सरकवला.

तासाभराची लेक तीन तास बसली. आईला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला.

"आई, काल बरं वाटलं गं मला. पण तू एक शब्द बोलली नाहीस. बाबांचं एक वेळ समजू शकते. त्या बाई नसत्या, तर मी पाणी पिऊन उठले असते."

"कोण बाई?"

"असं काय करतेस? खिडकीशी बसल्या होत्या त्या. तुझ्यासारख्याच दिसतात थोड्या. मला वाटलं, तुझी कुणी बहीणबिहीण, मी न पाहिलेली."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "काय म्हणाल्या त्या?"

"तुझ्या वतीनं माफी मागितली. तुला माझी लाज नव्हती वाटली, भीती वाटली होती म्हणाल्या. आणि मी गेल्यावर माझी खोली आवरलेली राहिली, तुला क्षणभर बरं वाटलं, हेही सांगितलं. ते ऐकल्यावर सगळं खरं वाटलं मला. पुढच्या रविवारी असतील का त्या? असल्या तर येते."

संध्याकाळी नवरा काखेत रद्दीचा गठ्ठा घेऊन दारातच उभा होता. "भरू का ते टोक?"

तिनं पुन्हा बेचाळीस सेंटिमीटरवर आलेल्या खुर्चीकडे पाहिलं. गठ्ठा ठेवला की सगळं थांबेल, हे तिला कळत होतं. लेकीचं येणंही थांबेल, हेही.

"राहू दे," ती म्हणाली.

आता ती दर शनिवारी टेबल धुते. कागदाचा कपटा दिसला तरी उचलते. रविवारी चार ताटं मांडते.

लेक येते. गप्पा मारते, मोठ्यानं हसते, दवाखान्यातल्या लंगड्या कुत्र्याची नक्कल करून दाखवते. नवराही हल्ली टेबलाशी रेंगाळतो. एकदा तर कसल्याशा विनोदावर त्याला ठसका लागला. विनोद तिला ऐकू आला नव्हता.

ती मध्ये मध्ये बोलते. कुणी थांबत नाही.

गेल्या रविवारी लेक दारात वळली आणि म्हणाली, "आई, येते गं." ती पुढे झाली, "ये हं बाळा," म्हणाली. लेक तिच्या खांद्यावरून आत बघत होती.

मग ती ताटं उचलायला आली.

नवऱ्याचं ताट. लेकीचं ताट. दोन्ही खरकटी. खिडकीकडचं ताट चाटूनपुसून लख्ख, काठाशी भातातली मिरी एका ओळीत मांडलेली. मिरी अशी काढून ठेवायची सवय या घरात तिला एकटीलाच होती.

चौथं ताट तिचं. भाताची मूद वाढली होती तशीच, वर साय धरल्यासारखी कोरडी. चमचा स्वच्छ.

आपण जेवल्याचं तिला नीट आठवत होतं. प्रत्येक घास.

ओट्याशी उभं राहून तिनं तो गार भात हातानं खायला घेतला. भूक खूप लागली होती.