दबक्या आवाजातलं उत्तर

कोटाच्या अस्तराचा रंग जुळवायचा म्हणजे जिवाला ताप. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात नेला की हमखास वेगळा दिसतो. म्हणून ती कापडाचा तुकडा हातात धरून पुन्हा पुन्हा दुकानाच्या पायरीवर येत होती, आणि गल्ल्यावरचा म्हातारा दुकानदार म्हणत होता, "ताई, अस्तर घेताय की सोयरीक जुळवताय?" ती हसली. शेवटी मनासारखा राखाडी रंग मिळाला, आणि स्वारी खुशीत घरी निघाली.

घराचं दार सताड उघडं होतं.

पिशवी तिथेच उंबऱ्यात टाकून ती आत धावली. बैठकीच्या खोलीतली सासऱ्यांची खुर्ची रिकामी. आतल्या खोलीत नवरा रात्रपाळीची झोप काढत होता, घोरणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. ती तशीच उलट्या पावली रस्त्यावर आली. नशीब बलवत्तर, सासरे लांब गेले नव्हते. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर, गळ्यात मोजपट्टी अडकवून, बाबा शांत बसले होते.

"बाबा, अहो काय हे! दार कुणी उघडलं?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

आता हे दाराचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. बाबा जातिवंत शिंपी. अख्ख्या पेठेचे कोट त्यांनी शिवले. लग्न होऊन आली तेव्हा हिला साधी काजं करता येत नव्हती, पण बाबांनी तिला शेजारी बसवून कापणी शिकवली, कात्री हातात दिली, आणि एक दिवस गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आता मापं हिच्याकडे द्या." असा सासरा कुणाच्या नशिबी असतो? पण गेल्या वर्षीपासून त्यांचं डोकं साथ देईना. माणसं ओळखेनात. एकदा तर चालत चालत थेट महामार्गावर पोचले. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचले.

त्या दिवशी नणंद तरातरा आली. नणंद शाळेत हेडबाई, घरातही तोच खाक्या. "बास झालं. यांना आश्रमात ठेवायचं. तिथे पहारा असतो, डॉक्टर असतो."

"मी आहे तोवर बाबा कुठेही जाणार नाहीत," ही म्हणाली. बाबांचा हात हातात घेऊन, त्यांच्या देखत म्हणाली. बाबांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

यावर तोड काढली नवऱ्याने. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. बटणं आणि तारा दिसल्या की त्याला तहानभूक राहत नाही. त्याने एक बोलका स्पीकर आणला, शोकेसवर बसवला, आणि घरातलं सगळं त्याच्या हवाली केलं. दिवे त्याच्याकडे, पंखे त्याच्याकडे, पडदे, गीझर, आणि मुख्य म्हणजे दार. दाराला लिफ्टच्या दारासारखी उघडमीट करणारी मोटार आणि नवं कुलूप बसवलं. त्याला आतून कडी नाही, किल्लीचं भोकसुद्धा नाही. बाबांनी खटपट करायला नको म्हणून मुद्दाम तसंच निवडलं होतं. आतून दार उघडायचं तर त्या स्पीकरला सांगायचं, आणि तो फक्त ओळखीच्या आवाजाचं ऐकणार. नवऱ्याचा आवाज, हिचा, आणि फोनवरून नणंदेचा. बाबांचा आवाज तेवढा शिकवला नाही. माणसाने स्वतः बांधलेल्या घरात त्याच्याच आवाजाला किंमत नाही, हे तिला फार लागलं. पण करते काय!

स्पीकरमधून बाईचा आवाज यायचा. हिने तिचं नाव ठेवलं भोचकबाई. नवरा मात्र कौतुकाने फुगला होता. "अगं, तिची गंमत बघ. आपण जसं बोलू तशी ती बोलते. मोठ्याने सांगितलं तर मोठ्याने उत्तर देते, आणि कानगोष्टीसारखं कुजबुजलं तर तीही कुजबुजते. कुणी झोपलं असेल तर तेवढीच सोय."

"एवढी समज माणसांना आली असती तर!" ती म्हणाली होती.

तर असं हे दार. आणि ते उघडं सापडलं.

"तूच लावायला विसरली असशील," नवरा डोळे चोळत म्हणाला.

"मी? अस्तर आणायला गेले, डोकं गहाण टाकायला नव्हे."

त्याने भोचकबाईला विचारलं. ती म्हणाली, "दार घरातल्या ओळखीच्या आवाजाने उघडलं." कुणाच्या, ते काही तिला सांगता येईना.

मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. भर दुपारी. ही मागच्या शिवणाच्या खोलीत मशीनवर होती, आणि शेजारीण बाबांना हाताला धरून घेऊन आली. नणंदेला हे कळायचं राहतंय कशाला! "आता पुन्हा असं झालं," ती फोनवर म्हणाली, "तर मी गाडी घेऊनच येईन. वडील तुझे नाहीत, माझे आहेत."

त्या बोलण्याने हिच्या मनात किडा वळवळायला लागला. बाबांना आश्रमात धाडायची घाई कुणाला आहे? फोनवरून दार कुणाला उघडता येतं? दोन आणि दोन चार. तिने रात्रभर मनात चरफडून सकाळी नवऱ्यामार्फत सांगितलंच की ताईंचा आवाज काढून टाका. "काढा," नणंद फोनवर म्हणाली. हेडबाईचा आवाज चक्क कापत होता. "माझ्याबद्दल असं वाटलं तुम्हाला? काढा बाई, काढा."

ताईंचा आवाज काढून टाकला, आणि चार दिवसांनी दार पुन्हा उघडलं. तेव्हा बाबा उंबऱ्यातच सापडले म्हणून बरं.

म्हणजे उरला कोण? नवरा. कसं कुणास ठाऊक, तिला आता त्याच्या प्रत्येक गोष्टीत संशयाचा वास यायला लागला. तो बाबांना आंघोळ घालताना थकतो, ते दिसत होतं. परवा जेवताना तो म्हणाला होता, "आश्रम काही वाईट नसतात गं सगळे." झोपल्याचं सोंग घ्यायचं, ही मशीनवर बसली की हळूच उठून बाहेर यायचं, कुजबुजायचं, आणि पुन्हा पांघरुणात. मशीनच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार?

हा विचार तिला आला आणि तिची तिलाच लाज वाटली. पण विचार काही गेला नाही.

मग तिने एक युक्ती केली. दुपारी जेवणं झाली, नवरा आत जाऊन आडवा झाला, बाबा खुर्चीत बसले. ती मशीनपाशी गेली, सुईखालचं कापड काढलं, आणि मशीनच्या मोटारीच्या पायपट्टीवर बाबांची जुनी लोखंडी इस्त्री ठेवली. मशीन धडधडत राहिलं. ती अनवाणी बोळात आली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. नवरा कुशीवर होता, तोंड उघडं, घोरत होता. सोंग नव्हतं ते. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोला खरं घोरणं कळतं.

ती हायसं वाटून सुस्कारा सोडणार, तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून कुजबुज आली.

"ठीक आहे. दार उघडते."

भोचकबाईचा आवाज. दबका. कुणीतरी दबक्या आवाजात सांगितल्याशिवाय ती असं उत्तर देत नाही... आणि सांगितल्याचं तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

तिने बोळातून डोकं पुढे काढलं. खोलीत बाबा सोडून कुणी नव्हतं. पडदे ओढलेले, शोकेसवर स्पीकरभोवतीची, तो बोलताना उजळणारी निळ्या दिव्याची कडी पेटलेली. बाबा जागे होते. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून बसले होते, आणि स्पीकरच्या बाजूला बघत होते. स्पीकरकडे नाही, बाजूला. तिथे कुणी उभं असतं तर त्याचं तोंड जिथे आलं असतं, तिथे. खोलीत वास होता, बंद पेटीतल्या दमट लोकरीचा. कुलूप खटकन उघडलं. बाबा उठले, पायात चपला सरकवल्या, आणि आवाज न करता दाराकडे निघाले.

"बाबा!"

ती ओरडली आणि धावत जाऊन तिने त्यांना मागून मिठी मारली. म्हातारा थरथर कापत होता. "हळू... हळू बोल," ते म्हणाले.

नवरा धडपडत बाहेर आला. तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. शिवणाच्या खोलीत मशीन एकटंच धडधडत होतं. तो जाऊन ते बंद करून आला. पायपट्टीवरची इस्त्री त्याच्या हातात होती.

"खरं सांग," तो फार मऊ आवाजात म्हणाला. "तूच उघडतेस ना? दमलीस तू. मी काही म्हणणार नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ते यंत्र काढा. आत्ताच्या आत्ता."

"काढतो. पण कुलूप त्याच्यावरच चालतं. दुसरं बसेपर्यंत बाबांना धरून कोण बसणार? तू? आणि मी कशाच्या भरवशावर कामावर जाऊ?"

असं आहे. ज्या घरात एकमेकांचा भरवसा उडाला, त्या घरात बाबांना ठेवायचं तरी कसं? पुढच्या वेळी बसथांबा नसेल, महामार्ग असेल. ती रात्र तिने बाबांच्या खुर्चीपाशी बसून काढली. रडली, देवाला बोल लावला, आणि सकाळी स्वतःच नणंदेला फोन केला. "ताई, या. गाडी घेऊन या. माझं चुकलं."

नणंदेने एक वाकडा शब्द काढला नाही. उलट आली ती हिला जवळ घेऊनच रडली. बाबांचे कपडे भरले, मोजपट्टी भरली. बाबा मात्र कधी नव्हे इतके खुशीत होते. नवऱ्याचा हात धरून तरुणासारखे पायऱ्या उतरले. गाडीत बसताना त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"तू नाही येत?"

"रविवारी येईन ना बाबा. मला माफ करा. मी शब्द दिला होता तुम्हाला..."

बाबांनी मान हलवली. तिच्या खांद्यावरून मागे, घराच्या खिडकीकडे पाहिलं, आणि अगदी कानाशी येऊन कुजबुजले, "रविवार लांब आहे गं."

गाडी गेली. नवरा बाबांची सोय लावायला बरोबर गेला होता. तिला ते आश्रमाचं फाटक बघवणार नव्हतं, म्हणून ती मागे राहिली. घरात आली, दार मागे लागलं. बाबांची उशी तशीच खुर्चीत होती, मध्ये खळगा पडलेली. तिने ती उचलून पोटाशी धरली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. मी आहे तोवर, असं म्हणाली होती. मी आहेच की, आणि बाबा गेले. कुणीतरी त्यांना घराबाहेर काढायला टपलं होतं आणि शेवटी तिनेच ते काम करून दिलं.

उन्हं उतरायला लागली. खिडकीबाहेर शेजारची मुलं सायकली फिरवत होती.

शोकेसवर निळी कडी पेटली.

"ठीक आहे," भोचकबाई कुजबुजली. "दार उघडते."

कुलूप खटकलं. दार वीतभर उघडलं आणि जिन्यातला उजेड आत आला. ती उशी धरून तशीच बसली. घरात ती एकटी होती. बाबा तर गेले, मग आता हे दार कुणासाठी?

आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. इतके दिवस तिला वाटत होतं, जो कुणी कुजबुजतो तो तिला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजतो. बाबांना पळवायला टपलाय असं वाटत होतं. पण पळवणारा माणसाला दार उघडून देऊन मागे राहतो का? तोंड दाबून बसलेले बाबा तिला आठवले. हळू बोल, म्हणाले होते. ते तिला भीत नव्हते. कुजबुजणारा जीवही तिला भीत नव्हता. दोघं भीत होते ते दुसऱ्याच कुणाला, आणि त्या कुजबुजणाऱ्याने म्हाताऱ्याला सुखरूप बाहेर काढलं होतं. आता हिची पाळी होती.

निळी कडी पुन्हा पेटली. "ठीक आहे," कुजबुज आली, पहिल्यापेक्षा घाईची. "दार उघडंच ठेवते."

ती उठली. चपला घालायला थांबली नाही. भिंतीला धरून, श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेली. हात लांब केला. जिन्यातल्या उजेडात तिची बोटं पोचली होती.

"ठीक आहे!" मागून खणखणीत आवाज आला, इतका मोठा की शोकेसची काच झणझणली. "दार लावते!"

दार तिच्या बोटांसमोर बंद झालं, कुलूप पडलं.

या वेळी कुणी कुजबुजलं नव्हतं.