सीड्यांची खोली

दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता आणि खांद्यावर टॉवेल. तिच्या हातात मापाची टेप होती.

"मापं घ्यायला आलेय," ती म्हणाली.

"आलात? बरं झालं." तो बाजूला झाला. "ताई म्हणालीच होती, कोणालातरी पाठवते म्हणून. या, आतली खोली."

स्वयंपाकघरं बसवून देणं हा तिचा व्यवसाय होता आणि या धंद्यात लोकांचे एकेक हट्ट तिने पाहिले होते. आतल्या खोलीत ओटा हवा असणारा हा काही पहिलाच नव्हता. चप्पल काढून ती मुकाट्याने त्याच्या मागे गेली. त्याने खोलीचं दार ढकललं, ते अर्धंच उघडलं. ती तिरकी होऊन आत शिरली आणि तिथेच थबकली.

सीड्या. जमिनीपासून छतापर्यंत गाण्यांच्या सीड्या. खिडकीच्या कट्ट्यावर, बुटांच्या खोक्यांत, एका बिचाऱ्या खुर्चीवर तिच्या पाठीच्याही वर. मधोमध एका माणसापुरती वाट होती आणि त्या वाटेवर आता ते दोघं होते... म्हणजे जरा जवळच.

"ओटा कुठे बसवायचाय?" तिने विचारलं.

"ओटा?"

"गॅस कुठून घेणार? आणि नळ?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खोलीकडे. "इथे माझ्या आईला झोपायचंय," तो जपून म्हणाला. "स्वयंपाक ती बाहेरच करेल."

तिने फोन काढून पत्ता पाहिला. वरचा मजला. दुसऱ्यांच्या घरातला कोपरान् कोपरा मोजणारी ती, आणि जिन्यात मजलाच चुकली होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो मात्र हसला. मोठ्याने नाही, कपाआड तोंड नेऊन.

"वरच्या काकूंकडे जायचं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "चुकून का होईना, आलात. चहा घेऊन जा."

तिने तेव्हाच निघायला हवं होतं. पण खच्चून भरलेली खोली दिसली की तिचे हात शिवशिवायचे. चहा येईपर्यंत तिने खोलीला मनातल्या मनात तीनदा रिकामं करून पाहिलं.

"यातलं किती ठेवायचंय?"

"सगळं," तो म्हणाला. "आणि शिवाय पलंग."

मग त्याने सांगितलं. वडील गेल्यापासून आई ताईकडे राहत होती. आता मेव्हण्यांची बदली झाली होती, ताईचं घर आवरायला निघालं होतं, आणि पुढच्या महिन्यात आई इथे येणार होती. सीड्यांतल्या अर्ध्या त्याच्या, अर्ध्या वडिलांच्या. दोघं मिळून आणायचे, आई दोघांना मिळून बोलायची.

"ती म्हणते, हॉलमध्ये झोपेन, मला काय होतंय," तो म्हणाला. "पण गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय तिच्या. आणि या वयात माणसाला आतून दार लावता येईल अशी एक खोली तरी हवी ना."

ते वाक्य तिला उगाचच लागलं. ती दादा-वहिनीकडे राहायची. वहिनी जिवाला जीव देणारी होती, पण तिची झोपायची जागा म्हणजे हॉलमधला सोफा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पांघरुणाची घडी घालायची, मग तो पुन्हा सगळ्यांचा सोफा. आतून लावायचं दार तिच्याकडे नव्हतं.

तिने हाताशी आलेली एक सीडी उचलली, डबी उघडली. "हे बघा. यात गाणं केवढं आहे? ही चकती, एवढीच. बाकी सगळी प्लॅस्टिक आणि हवा." तिने सीडी काढली, पुढची पुस्तिका सरकवून बाहेर घेतली, मग नखाने आतला ट्रे उचकटला. टक् असा आवाज झाला. त्याखालून गाण्यांची नावं छापलेला मागचा कागद निघाला. त्याच्या दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या होत्या. त्या तिने मागे दुमडून नखाने दाबून सपाट केल्या. "हे तिन्ही एका मऊ पाकिटात. डबीच्या चौथ्या हिश्श्यात काम झालं."

"आणि डबी?"

"भंगारात."

त्याचा चेहरा असा झाला, की तिला त्याची दया आली. "बाबांच्या हातच्या आहेत त्या," तो म्हणाला.

"त्यांनी डब्या ऐकल्या का?" तिने विचारलं, आणि लगेच जीभ चावली. पण त्याने मान हलवली, अगदी गंभीरपणे.

"नाही," तो म्हणाला. "खरंय. डब्या नाही ऐकल्या."

ठरलं ते असं. पलंग तिच्याच कारखान्यातून येणार, त्याच्या पोटात ओळीने ड्रॉवर, मसाल्यांच्या बाटल्यांसाठी करतात तितक्या उंचीचे, म्हणजे पाकिटं उभी राहतील. आणि सीड्या सोलायला ती दर रविवारी दुपारी येणार. का येणार, हे दोघांनीही विचारलं नाही. वरच्या काकूंचं काम सुरू होतंच, येणं-जाणं होणारच होतं, असं तिने वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, "रविवारी सुतार येतात वाटतं हल्ली," आणि भाजी चिरत राहिली.

रविवार फार निवांत असायचे. दोघं सतरंजीवर समोरासमोर बसायचे. तो डब्या उघडून द्यायचा, ती ट्रे उचकटायची. एक सीडी त्याच्या पसंतीची लागायची, एक तिच्या, म्हणजे तिला जिच्यावरचं चित्र आवडेल ती. खिडकीतून ऊन सरकत सतरंजीच्या कडेला यायचं. रिकाम्या डब्यांची पोती बाल्कनीत जायची.

"तुम्ही दिवसभर करता तरी काय?" एका रविवारी तिने विचारलं.

"कान तपासतो. लोकांच्या कानात बारीक आवाज सोडतो. ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं."

"आणि नाही ऐकू आला तर?"

"थोडा वाढवतो."

"एकदम मोठा का नाही करत? वेळ वाचेल."

"मग कळणार कसं, त्यांना कुठवर ऐकू येतं ते?" तो तिच्या हातातल्या डबीकडे बघत म्हणाला. "मला थांबायची सवय आहे."

"दिसतंय ते," ती म्हणाली. दोघं हसले, आणि का हसलो हे न बोलता पुढची डबी उघडली गेली.

तिला स्वतःचं काम ठाऊक होतं. मनात आणलं असतं, तर एका दुपारी तिने अख्खी भिंत मोकळी केली असती. पण ती प्रत्येक पुस्तिका उघडायची, आतली छोटी छोटी अक्षरं मोठ्याने वाचायची, तबला कोणी वाजवला, फोटो कोणी काढला. मग चहा मागायची. काम संपलं की हा रविवारही जाणार, हे तिला नीट कळत होतं. दुसऱ्यांच्या घरात जागा करून द्यायची आणि निघायचं, ही तिची रीतच होती. कधी जड गेली नव्हती. या घरातून निघताना मात्र ती जिन्यात उगाच रेंगाळायची.

एवढं हळू काम करूनही, सीड्यांची भिंत त्या मानाने कमी व्हायला हवी होती. होत नव्हती. तिच्या नजरेला माप चुकत नसे. तिला वाटलं, आपलंच लक्ष थाऱ्यावर नाही.

"भंगारवाला आला नाही अजून?" बाल्कनीतली पोती पाहून तिने विचारलं.

"नाही ना... येतो म्हणाला होता."

पुढच्या रविवारी तिने भिंतीवरून एक डबी घेतली, उघडली, ट्रे उचकटला. खालचा कागद बाहेर काढला आणि तिचा हात थांबला. कागदाच्या दोन्ही पट्ट्या मागे दुमडलेल्या होत्या, नखाने दाबून सपाट केलेल्या. डबीत असलेल्या कागदाच्या पट्ट्या कधी सपाट नसतात. तिने दुसरी डबी उघडली. तिसरी. सगळीकडे तिच्याच नखाची घडी.

"ही सीडी मी काढली होती," ती म्हणाली.

त्याने हातातली डबी सतरंजीवर ठेवली.

"ही पण. आणि ही पण. मागच्या महिन्यात पाकिटात घातलेल्या या. परत डब्यांत कशा गेल्या?"

"मी घातल्या," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"तुम्ही गेल्यावर. आठवड्यात थोड्या थोड्या." त्याने खाली पाहिलं. "भंगारवाला दोनदा आला होता. मीच परत पाठवला."

तिला तिथल्या तिथे हसू यायचं बाकी राहिलं. पण त्याच क्षणी तिला आठवलं, ही खोली कोणासाठी आहे ते.

"आई कधी येणार आहेत?"

"येत्या गुरुवारी. खरं तर मागच्याच आठवड्यात यायची होती... मी ताईला म्हणालो, खोली अजून तयार नाही."

"म्हणजे त्या तिकडे बांधलेल्या सामानात बसल्यात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्याने मान आणखी खाली घातली. "ताईचं घर आवरलेलं, त्यांचं इथलं घर तयार नाही. आणि का, तर तुम्हाला... मला..." वाक्य पुढे जाईना. ते पुरं करायचं तर बरंच काही बोलावं लागलं असतं. राग तिला त्याचा जितका आला होता, त्याहून जास्त स्वतःचा आला होता. पुस्तिका वाचत, चहा पीत त्या माउलीची खोली तिनेही अडवून ठेवली होती की.

"उठा," ती म्हणाली. "आज संपवायचं."

त्या दिवशी एकही गाणं लागलं नाही. चहाही झाला नाही. तो उघडायचा, ती उचकटायची, टक्, टक्, पाकीट, पाकीट. संध्याकाळी शेवटची भिंत उघडी पडली. मागे फिकट निळा रंग होता, तिला तो तोवर माहीतच नव्हता. दोघांनी मिळून हॉलमध्ये येऊन थांबलेला पलंग आत सरकवला, ड्रॉवर भरले. सगळ्या मावल्या, वर एक ड्रॉवर रिकामा उरला.

"संपलं," तो म्हणाला.

"संपलं." तिने पिशवी उचलली. तो दारापर्यंत आला, चौकटीवर हात ठेवून उभा राहिला. तिला वाटलं, आता बोलेल. तो थांबायची सवय असलेला माणूस होता, थांबूनच राहिला. ती निघाली.

गुरुवारी वरच्या काकूंचं स्वयंपाकघर ताब्यात द्यायचं होतं. ते देऊन ती खाली उतरत होती, तर जिन्यात एक बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. मागे तो, दोन्ही हातांत बॅगा, म्हणून आधार द्यायला हातच नाही. तिने न विचारता आपला हात पुढे केला. बाईंनी तो धरला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"ही कोण रे?"

"स्वयंपाकघरं करतात या," तो म्हणाला. "तुझा पलंगही यांनीच केलाय."

आईने तिचा हात दारात सोडला नाही, खोलीत गेल्यावरही नाही. पलंगावर टेकल्या, गादी दाबून पाहिली, मग वाकून एक ड्रॉवर ओढला. पाकिटांवरून बोट फिरवलं.

"एवढ्यात मावतात या?" त्या म्हणाल्या. "आणि मी जन्मभर यांच्यामागून केर काढला." मग मुलाकडे वळल्या. "खोली तर छान झालीय. मग मला तिकडे खोक्यांवर कशाला बसवून ठेवलंस इतके दिवस?"

तो बॅगा हातात घेऊन तसाच उभा होता. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. तो आता सुतारावर ढकलेल, भंगारवाल्यावर ढकलेल. ढकलू दे. तिने मनात माफही करून टाकलं.

"खोली झाली असती, तर ही यायची थांबली असती, आई," तो म्हणाला. "म्हणून मी होऊ देत नव्हतो. चुकलं माझं. पण ते तसं होतं."

आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"उशिरा कळलं," ती म्हणाली. "मग खूप रागावले मी."

"बरोबर केलंस."

"पण..." तिने त्याच्याकडे पाहिलं. "काम माझ्यानेही लांबलं. मला हे एका आठवड्यात जमलं असतं. मीसुद्धा मुद्दाम हळू काढत होते."

त्याने बॅगा खाली ठेवल्या.

"म्हणजे दोघांनी मिळून मला बाहेर बसवलंत," आई म्हणाल्या. त्यांनी पाय वर घेतले, उशी पाठीशी ओढली. "जा आता, चहा टाका. आणि जाताना ते दार लावून घ्या. मला जरा पडायचंय."

स्वयंपाकघर लहानसं होतं. दोघांना एकाच वेळी उभं राहता येत नव्हतं, तरी दोघं उभे राहिले. पाणी तापत होतं.

"मुद्दाम हळू?" त्याने विचारलं.

"तबला कोणी वाजवलाय, याच्याशी माझं काय देणंघेणं होतं?"

तो हसला. "इथे येशील का... राहायला? कायमची?" तो म्हणाला. "मला माहीत आहे, घरात जागा नाही. एक ती खोली आईची. दुसरी माझी, तीही लहान आहे."

"दार लागतं का तिचं आतून?"

"कडी जरा घट्ट आहे. पण लागते."

"मग येईन," ती म्हणाली. "आधी गॅस बारीक कर. चहा उतू जातोय."