तीन कानांची म्हैस

"शूऽऽ! यश्या, हलू नकोस! मोबाईल हलला की फोटो गेला!"

"मी कुठं हलायलोय? काकांचं पोटच वर-खाली व्हायलंय!"

झालं! अनुजाला हसू आवरेना. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि कसंबसं यश्याच्या हातातल्या मोबाईलचं बटण दाबलं. गोठ्याच्या दारात बाजेवर आडवे झालेले अनुजाचे आकारामकाका, तोंडावर वर्तमानपत्र, एक चप्पल पायात आणि दुसरी कुठं गेली देव जाणे! असा झकास फोटो निघाला.

यशराज अनुजाचा मावसभाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत तो गगनबावड्याहून कोल्हापूरला आला होता. गंगावेशीजवळच्या या गल्लीत दुपारचं जेवण झालं, की माणसं काय आणि जनावरं काय, सगळी गल्ली आडवी! ते बघूनच त्याच्या डोक्यात 'डुलकी मोहीम' आली होती. अनुजाच्या आईचा जुना मोबाईल घ्यायचा आणि झोपलेल्यांचे फोटो काढायचे. नियम एकच. कुणाची झोप मोडायची नाही! मोडली, तर तो फोटो बाद.

आतापर्यंत मेथीच्या ढिगावर डोकं ठेवून पेंगणारी भाजीवाली तानाबाई मिळाली होती. रिक्षातून दोन्ही पाय बाहेर काढून झोपलेले पिराजीमामा मिळाले होते. किराणा दुकानाच्या तराजूत मुटकुळं करून पडलेलं मांजरही मिळालं होतं.

अनुजाच्या घरच्या गोठ्यात रंभा म्हैसही डोळे मिटून बसली होती. यशराजनं तिचाही एक फोटो काढला.

"माझी रंभा कशी झोपलीया बघ," अनुजा हळूच म्हणाली. रंभा जन्मली तेव्हा तिला पहिलं पुसलं होतं ते अनुजानं. आता रंभा मोठी झाली, तरी अनुजाचा आवाज आला की मान वर करायची. होळीच्या सुमारास रंभाचं रेडकू गेलं. तेव्हा दोघीही दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

तेवढ्यात शेजारची शिवलीला तणतणत आली. हातात दुधाची बाटली होती.

"आमच्या ढब्बूचं काय करावं कळंना! त्याची आई गेल्यापासनं मीच बाटलीनं पाजतीया. आता संध्याकाळी तोंडच लावत न्हाय! आणि तरी बघावं तर गुबगुबीत व्हायलंय!"

ढब्बू म्हणजे शिवलीलाच्या अज्जाचं, म्हणजे आजोबांचं, रेडकू.

"हवा खाऊन फुगत असंल!" यशराज म्हणाला आणि बाटलीचा एक फटका खाल्ला.

संध्याकाळी अनुजाचे पप्पा, म्हणजे कृष्णात, रंभाला घेऊन दूध कट्ट्यावर गेले. मुलंही मागोमाग. कट्ट्याची मजाच वेगळी! समोर म्हैस, शेजारी पेला धरून गिऱ्हाईक, आणि धार थेट पेल्यात! फेसाळ, कोमट दूध पिऊन ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन माणसं घरी जातात.

पण रंभाच्या कासेला हात लावला आणि पप्पांचा चेहरा उतरला. अर्धा पेलासुद्धा भरेना.

"काय कृष्णात, म्हशीनं उपास धरलाय काय?" एक गिऱ्हाईक ओरडलं. सगळा कट्टा हसला.

पप्पांनी रंभाला घेऊन घराची वाट धरली. घरी येऊन दावं बांधताना ते म्हणाले, "सकाळी बरी देतीया, संध्याकाळी रिकामी. आठ दिस झालं. रोज चारचौघांत मान खाली. उद्याची संध्याकाळ बघणार. उद्याबी हेच झालं, तर सोमवारी वडगावच्या बाजारात विकायला न्हेणार."

"पप्पा! रंभाला?"

"मला काय हौस हाय व्हय, अनू?"

"कोण चोरून धार काढत नसंल ना?" यशराजनं विचारलं.

"अशक्य!" आकारामकाका छातीवर हात मारून म्हणाले, "दुपारभर मी राखणीला असतो. डोळ्याला डोळा लावत न्हाय! माशी आत गेली तरी मला कळतंय!"

यशराजनं खिशातला मोबाईल घट्ट दाबून धरला. हसू दाबण्यासाठी दुसरा उपायच नव्हता.

त्या रात्री अनुजा ताटावर बसली, पण भाकरी नुसती कुस्करत राहिली. यशराजला राहवेना. "हे बघ," म्हणून त्यानं तिला रंभाचा फोटो दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा केला. अजून मोठा केला. आणि एकदम ताठ बसली!

"यश्या, म्हशीला कान किती?"

"दोन! डोकंबिकं फिरलंय काय?"

"मग हिला तीन कसं?"

खरंच की! रंभाच्या पाठीमागून एक छोटासा, केसाळ, काळा कान वर आला होता!

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाली. काका बाजेवर बसले, म्हणाले, "मी जागा हाय बरं का!" आणि लगेच घोरायला लागले. तिसरा कान कुणाचा ते बघायला अनुजा गोठ्यात गोणपाटावर झोपेचं सोंग घेऊन पडली. शिवलीला तिच्याशेजारी. यशराज कडब्याच्या गंजीवर. त्याचं सोंग इतकं उत्तम वठलं, की तो खरंच झोपला!

खर्र... कुंपणाचा पत्रा हलला. खालच्या फटीतून आधी एक ओलं नाक आलं. मग डोकं. मग एक टरटरीत पोट अडकलं, सुटलं, आणि अख्खं रेडकू आत आलं.

"अय्योऽऽ!" शिवलीला कुजबुजली. "हे तर आमचं ढब्बू!"

रंभा उठून उभी राहिली. होळीपासून तिनं काढला नव्हता, तसा एक आवाज तिच्या गळ्यातून आला. खोल, मऊ, ओला. ती ढब्बूला चाटायला लागली. कपाळ, कान, पाठ, सगळं! आणि ढब्बू शेपटी उडवत तिच्या कासेला ढुशा द्यायला लागलं.

अनुजाचे डोळे भरून आले. फोटो काढायचं भानच राहिलं नाही.

"आता काय गं?" ती म्हणाली. "सांगितलं तर काका ही फट बुजवणार. दोघांची ताटातूट. न्हाय सांगितलं, तर रंभा बाजारात."

"आजचा दिवस मी ढब्बूला घरात कोंडते," शिवलीला म्हणाली. "दूध कासेत राहील, संध्याकाळी पेलं भरतील. कुणाला कळायचं न्हाय!"

दोघींनी दोन घोट प्यालेल्या ढब्बूला ओढत नेलं. रंभा असली हंबरली, की यशराज गंजीवरून खाली पडला! काकांनी मात्र नुसती कूस बदलली.

संध्याकाळी कास टचटचीत भरलेली. पप्पा खुशीत कट्ट्यावर बसले. पण कसलं काय! दुपारपासून रंभा रुसली होती. मान घराकडं आणि पान्हा सोडायचं नाव नाही. कासेत दूध असून एक थेंब येईना.

"गेली ही म्हैस कामातनं," कुणीतरी म्हणालं.

पप्पा उठले. "उद्या वडगाव," एवढंच बोलले.

अनुजाला एकदम उमगलं. हे सगळं आपल्यामुळं! आपणच ढब्बूला ओढून नेलं! ती शिवलीलाच्या कानात ओरडली, "पळ! घेऊन ये त्याला!" आणि पप्पांचा हात धरून उभी राहिली. "पप्पा, थांबा! जरा थांबा! ती आटली न्हाय. ती वाट बघायलीया!"

"कुणाची?"

उत्तर द्यायची गरजच पडली नाही. गर्दीतून ढब्बू सुसाट आलं, आणि त्याच्या दाव्याला लोंबकळत शिवलीला! रंभानं तो खोल आवाज काढला. ढब्बूनं ढुशी मारली आणि पान्हा आला! ढब्बूच्या तोंडाकडेनं फेस ओघळायला लागला.

"बसा पप्पा, बसा की!" अनुजा ओरडली.

पप्पा बसले. सर्रर्र! एक पेला. सर्रर्र! दुसरा! कट्टा टाळ्या वाजवायला लागला. "नाद खुळा!" कालचंच ते गिऱ्हाईक ओरडलं आणि पेला घेऊन पहिलं पुढं आलं. ढब्बू रोज दुपारी गोठ्यात येऊन रंभाचं दूध पितं, हे अनुजानं सांगून टाकलं.

"पण रेडकू गोठ्यात आलंच कसं?" आकारामकाका गरजले. "मी तर जागा..."

यशराजनं मोबाईल पुढं धरला. आधी काकांचा फोटो, मग तीन कानांची म्हैस. कट्ट्यावर असा हशा पिकला, की काकांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

गर्दीतून शिवलीलाचे अज्जा, गुरुसिद्धअप्पा, काठी टेकत पुढं आले. त्यांनी ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवला. "आम्ही ह्याला दूध पाजत होतो, कृष्णात. पण आई कुठनं आणणार? ती त्यानं आपली आपण शोधली. ऱ्हाऊ दे तुझ्याच दावणीला."

"मग आधी त्याचं पोट, मागनं गिऱ्हाईक," पप्पा म्हणाले. त्यांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "आणि मी माझ्या रंभाला आटली म्हणत होतो! पोरांनो, तुम्ही नसता, तर लई मोठी चूक झाली असती माझ्या हातनं." मग त्यांनी पहिला भरलेला पेला अनुजाच्या हातात दिला.

सोमवारी दुपारी वडगावचा बाजार भरला असेल, पण रंभा गोठ्यात होती. मुलं मोबाईल घेऊन हळूच आत शिरली. रंभा डोळे मिटून बसली होती. तिच्या पोटाशी ढब्बू. आणि ढब्बूच्या पाठीवर हात टाकून, आठ दिवसांनी निवांत झोपलेले पप्पा.

यशराजनं मोबाईल वर केला.

"शूऽऽ!" बाजेवरून आवाज आला. आकारामकाका टक्क जागे होते! "बिनआवाजी काढ, लेका. झोप मोडली, तर बघ!"