सुटे सोडलेले अकरा सेकंद

महिपती चौगुले दुपारी तीनच्या सुमाराला स्टुडिओत आले तेव्हा विद्याधर वणकुद्रे एका जाहिरातीला कात्री लावत होता. कात्री म्हणायची ती आपली सवय. कोल्हापुरात फिल्म खरोखर कापणारी माणसं संपून जमाना झाला. आता संकलकानं पडद्यासमोर बसायचं, बोटानं शॉट सरकवायचे आणि मनगटाला नाडीपट्टी बांधून आपलंच काम बघायचं. बघणाऱ्याची नाडी मंदावली की चित्रपट तेवढा भाग आपणहून आवरता घेतो. घरोघरच्या प्रेक्षकांच्या हातातही हीच पट्टी. त्यामुळे हल्ली एक लघुपट शंभर जणांनी पाहिला तर शंभर निराळे लघुपट होतात, ज्याच्या त्याच्या छातीच्या ठोक्यांवर बेतलेले. याला म्हणायचं नाडीसंकलन, आणि विद्याधरचं त्यात बऱ्यापैकी नाव होतं.

"मी चौगुले, वायरमन," पाहुणे म्हणाले. "'खाणीतला रविवार' तुम्हीच जुळवलाय न्हवं?"

"होय. बसा की."

चौगुले बसले नाहीत. "माझ्या पोरीनं, अक्षतानं, गेल्या महिन्यात खाणीत उडी घेतली. मैत्रिणींसंगं पार्टीला गेलती. कमरेचं हाड मोडलंय. पाय हलतील का न्हाई, डॉक्टर सांगंनात." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "मी तिला म्हटलं, अगं, तू तो पिक्चर बघितलावतास. पेपरात तर आलंवतं, पोरांना धडा देणारा पिक्चर म्हणून. त्यात तो पोरगा मरतोय, तरी अक्कल कशी आली न्हाई? तर ती म्हणती, बाबा, त्यात कोण मरतच न्हाई."

विद्याधरनं चालू जाहिरात थांबवली.

लघुपटात पाच मित्र रविवारी जुन्या दगडखाणीवर जातात. बिअर, मोठ्यानं गाणी, आरडाओरडा. कॅमेरा हातात धरून त्यांच्यातच नाचवलेला, जणू बघणाराच सहावा मित्र. विद्याधरनं प्रत्येक कट ढोलाच्या ठोक्यावर टाकला होता. उडीचा शॉट खालून, संथ गतीत. कडा दिसतच नाही, दिसतं ते आभाळ आणि त्यात तरंगणारा पोरगा. बघताना कुणालाही वाटावं, अरे वा, आपणही घ्यावी एक. आणि ते वाटावं म्हणूनच तसं केलं होतं. कारण पुढच्या शॉटमध्ये कॅमेरा दूर, तिपाईवर गप्प उभा. संगीत बंद. पाणी हलतं, मग स्थिर होतं. अकरा सेकंद कुणीच वर येत नाही. सगळा लघुपट त्या अकरा सेकंदांसाठी होता.

"तिनं काय बघितलं ते मला दाखवा," चौगुले म्हणाले.

प्रत्येक प्रेक्षकाची प्रत साठवलेली असते. चौगुल्यांनी फोनवरून मुलीची संमती मिळवली आणि विद्याधरनं तिची प्रत लावली. नाच, ठोके, आभाळातली उडी. हलणाऱ्या पाण्याची निमिषभर झलक, आणि तिथून थेट मोटारसायकलवर परत निघालेली पोरं. त्यांचे चेहरे मुळात सुन्न होते. पण मधलं काही न दिसल्यानं ते नुसते दमलेले वाटत होते, मजा करून दमावं तसे. विद्याधरनं मान खाली घातली.

"हे यंत्रानं काढलं का तुम्ही?"

यंत्रानं, असं म्हणून सुटता आलं असतं. निम्मं खरंही होतं ते.

"यंत्रानं काढलं. पण काढायची मुभा मी दिली," विद्याधर म्हणाला. "प्रत्येक शॉटवर आम्हाला शिक्का मारावा लागतो, कायम नाहीतर सुटा. कायम शॉटला यंत्र हात लावत नाही. हा मी सुटा ठेवला. चाचणीला वीस माणसं बसवली होती. विसांचीही नाडी बरोबर तिथंच उतरली. यंत्रानं लाल अक्षरांत लिहिलं, प्रेक्षक निसटतोय. आणि आमच्यात एक रीत आहे. आपल्या लाडक्या शॉटवर पहिली कात्री चालवायची. गुरूंनी तेच शिकवलं, मी पोरांना तेच शिकवतो. आपण किती निष्ठुर आहोत याचा मला त्या दिवशी अभिमानच वाटला."

चौगुले दाराकडे वळले. "हे मला काय सांगताय? तिला येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. जिन्यावर दोनदा वाटलं, परत फिरावं. एकोणीस वर्षांची अक्षता पाठीवर पडून होती, उशाशी नाडीचे आकडे दाखवणारा पडदा. त्यानं सगळं सांगितलं, शिक्क्यासकट. ती म्हणाली, "दाखवा मला. पूर्ण."

त्यानं टॅब तिच्यासमोर धरला. नाचाला उशाशी अठ्ठ्याण्णव आकडा होता. उडीला एकशे सहा. मग संगीत थांबलं, पाणी हलायचं थांबलं. ब्याण्णव. ऐंशी. एकाहत्तर. म्हणजे हिलाही कंटाळा? त्यानं तिच्याकडे पाहिलं. अक्षताची पापणी लवत नव्हती. चादर मुठीत आवळलेली, श्वास धरलेला.

गवतात सळसळ झाली की माणूस जागच्या जागी थबकतो, श्वास रोखतो, आणि नाडीही क्षणभर उतरते. सगळा जीव डोळ्यांत येतो म्हणून उतरते. हे काही नवं शास्त्र नव्हतं. पण पट्टीला एकच शिकवलं होतं, उतरली म्हणजे कंटाळा. ती वीस माणसं निसटत नव्हती, खिळून बसली होती. आणि अशा किती लघुपटांतून, किती लाख घरांत, माणसं जिथं खिळली तेवढंच नेमकं कापून टाकलं जात होतं.

त्यानं तिला तेही सांगितलं. शिक्का बदलतो, म्हणाला, आजच बदलतो, सगळ्यांना कळवतो.

अक्षतानं मुठीतली चादर सोडली. मग म्हणाली, "हे बघितलं असतं तर मी उडी घेतली नसती, असं नाही म्हणत मी. घेतलीही असती. पण काका, तुम्ही स्वतः हा शॉट पहिल्यांदा बघितलात, तेव्हा तुम्हाला कंटाळा आला होता?"

विद्याधरला ती वेळ स्वच्छ आठवत होती. शॉट संपल्यावर तो कितीतरी वेळ खुर्चीतून उठू शकला नव्हता. मग मनगटावरचा आकडा बघितला होता, चोपन्न, आणि शॉट फसला असं मानून टाकलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग सुटा का सोडलात?"